आंबट बिअरचे पंच

दारूबंदी खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाची एकुलती एक मुलगी बिअर बनवते, हे चारचौघांत सांगायचं कसं? पुंडलिकरावांनी त्यावर तोडगा काढला होता. कुणी विचारलं, "सायली काय करते हो सध्या?" की ते म्हणायचे, "फूड प्रोसेसिंगमध्ये आहे." समोरचा पुढं विचारायचा, "म्हणजे लोणची-पापड वगैरे?" त्यावर ते मान अशी काही हलवायचे की होही म्हटल्यासारखं व्हावं आणि नाहीही. सिडकोतल्या त्यांच्या गल्लीत सगळे सायलीला लोणच्याच्या कारखान्यातलीच समजत होते. शेजारच्या आशाबाईंनी तर "तिला स्वस्तात मिळत असेल ना," म्हणून कैरीच्या लोणच्याची बरणी मागून ठेवली होती. पुंडलिकराव दुकानातून बरणी विकत आणायचे, लेबल खरवडायचे आणि नेऊन द्यायचे. बरणी संपली की आशाबाई पुन्हा हजर.

"एकदा खोटं बोललात, आता जन्मभर लोणचं पुरवा," त्यांच्या पत्नी द्वारकाबाई म्हणायच्या.

स्वतः पुंडलिकरावांनी दारूचा थेंब कधी जिभेवर ठेवला नव्हता, आणि हे ते कुणी न विचारता सांगायचे. नाल्याकाठच्या, उसाच्या फडातल्या, पडक्या विहिरीतल्या किती हातभट्ट्या त्यांनी उलथ्या केल्या त्याला गणती नाही. सडवलेल्या गुळाच्या रसायनाचा आंबूस वास त्यांना वाऱ्यावर यायचा. ते नाक वर करून उभे राहिले की जीपमधले शिपाई मुकाट्यानं फावडी काढायचे. पण चव? नाव काढू नका. वरातीत मित्रांनी आग्रह केला, बदलीच्या पार्टीत वरिष्ठांनी केला, हे आपले लिंबू सरबताचा ग्लास धरून कोपऱ्यात उभे. द्वारकाबाईंचं मत असं, की कधीकाळी एखादा घोट पोटात गेला असता तर हा माणूस जरा मऊ पडला असता.

आणि अशा माणसाच्या पोटी सायली! ती जालना रोडला, चिकलठाण्याच्या पुढं एका ब्रूपबमध्ये कामाला होती. तिथं बिअर बनते आणि तिथंच पितात. मालक विश्वजीत, पाचोडकडच्या मोसंबीवाल्या बागायतदाराचा मुलगा. काचेमागं चकाकत्या स्टीलच्या टाक्या, बाहेर हिरवळ, हिरवळीवर पाण्याचा फवारा सोडणारे मोठाले पंखे, असा त्याचा थाट. सायली पुण्यात शिकली, पुढं जर्मनीत एक कोर्स केला, आणि तिथं बर्लिनमध्ये गव्हाची आंबट बिअर पिऊन तिचं डोकंच फिरलं. परत आल्यापासून एकच जप, ती बिअर मी इथं करणार. विश्वजीतनं कुरकुरत एक टाकी दिली. तिनं गहू आणि बार्ली शिजवून, दही लावतात तसं विरजण घालून टाकी लावली, आणि घरी येऊन ती रोज त्या टाकीबद्दल असं बोलायची की ऐकणाऱ्याला वाटावं पोर पाळण्यात आहे.

मे महिन्यातल्या एका रात्री जेवताना ती म्हणाली, "विश्वजीत म्हणतो, लोकांना वाटेल बिअर नासली. रविवारी दुपारी काही जणांना बोलावलंय. चाखायला द्यायची. निम्म्या लोकांनी आपणहून दुसरा ग्लास मागितला तर बिअर ठेवायची. नाहीतर टाकी गटारात."

"मग दुसरी लाव," द्वारकाबाई म्हणाल्या.

"दुसरी नाही मिळणार, आई. मग पुन्हा तीच ती नेहमीची बिअर करत बसायची. त्यापेक्षा बंगळुरूच्या कंपनीचा परत फोन आलाय. त्यांना आंबट बिअर करणारीच माणसं हवीत. इथं जमलं नाही तर मी त्यांना हो म्हणणार आहे."

पुंडलिकरावांच्या हातातला भाकरीचा तुकडा वरणातच राहिला. बंगळुरू! दिवाळीला येणार, दोन दिवस झोपून काढणार, परत जाणार. एकुलती एक पोर. तिच्या स्कूटीचा आवाज कोपऱ्यावर आला की त्यांच्या जिवात जीव यायचा, आणि तो आला की ते मुद्दाम पेपर उघडून बसायचे, वाट बघत नव्हतो असं दाखवायला. हे सगळं द्वारकाबाईंना माहीत होतं. सायलीलाही माहीत असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिकराव मारुतीसमोर हात जोडून नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. दारू नष्ट होऊ दे म्हणून जन्मभर झटलेला माणूस आज मागत होता, की बाबा, लोकांना दुसरा ग्लास मागायची बुद्धी दे. मारुतीही गोंधळला असेल. पण सगळं देवावर टाकून गप्प बसणं पुंडलिकरावांच्या स्वभावात नव्हतं. त्यांना त्यांचे पंच आठवले.

आता पंच म्हणजे काय, हे ज्यांच्या दारात कधी धाड पडली नाही त्यांना सांगायला हवं. धाड घालायची तर दोन प्रतिष्ठित माणसं साक्षीला लागतात. त्यांनी बघायचं, वास घ्यायचा, पंचनाम्यावर सही करायची. आता पहाटेच्या वेळी नाल्यात चिखल तुडवायला कोण प्रतिष्ठित माणूस येतो? म्हणून पुंडलिकरावांनी हक्काची दोन माणसं जोडून ठेवली होती. एक करमाडचा शेतकरी कडूबा, आवाज खणखणीत, कोर्टात वकिलानं उलटंसुलटं विचारलं तरी तसूभर न हलणारा. दुसरे गयासभाई, शेंद्र्याच्या वळणावर त्यांचं पंक्चरचं दुकान. दारूला शिवत नाहीत ही त्यांची ख्याती, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन. धाडी सगळ्या खऱ्या, माल खरा, फक्त पंचनाम्याची भाषा दरवेळी तीच. ऐकून ऐकून कडूबाला ती आरतीसारखी पाठ झाली होती. साहेब खाकरले की तो सुरू व्हायचा.

पुंडलिकरावांनी दोघांना गयासभाईंच्या दुकानावर गाठलं.

"धाड कुणावर हाय साहेब?" कडूबानं टायरवर बूड टेकता टेकता विचारलं.

"धाड नाही रे बाबा. मी रिटायर झालोय."

"मंग पंच कशाला?"

पुंडलिकरावांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. कडूबाच्या भुवया वर वर जात राहिल्या.

"म्हंजी," तो शेवटी म्हणाला, "दारू पोरीनं काढली, अन् पंच बापानं आणले."

"दारू नाही, बिअर. आणि काढली नाही, बनवली. परवान्यानं."

"व्हय व्हय, परवान्यानं." कडूबानं गयासभाईंकडं बघून मान डोलावली. त्याला काडीचंही पटलं नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं.

"साब, अपन पीते नै, तुमको मालूम," गयासभाई म्हणाले.

"तुम्हाला कोण प्या म्हणतंय? तुमच्यासाठी वाळ्याचं सरबत ठेवायला सांगतो. तुम्ही फक्त जोरात म्हणायचं, और एक लाव. आला ग्लास की तो कडूबाकडं सरकवायचा."

"हां, ऐसा बोलो. मग काय हरकत नाही. सही कुठं करायची?"

"सही करायची नाही!"

"सहीच नै?" गयासभाईंचा चेहरा उतरला. "मग पंच कायके?"

पुंडलिकरावांनी कपाळावरचा घाम पुसला आणि पढवायला सुरुवात केली. एक घोट घ्यायचा. वा म्हणायचं. मग म्हणायचं, पोरी, अजून एक दे. संपलं. एवढंच. घाबरायचं नाही, फार बोलायचं नाही.

"अन् नासकी निघाली तर?" कडूबानं विचारलं.

"तरी वा म्हणायचं."

"लई कडू निघाली तर?"

"कडू नाही, आंबट असते ती."

"आंबट?" कडूबा थबकला. "साहेब, आंबट वास आला म्हंजी तर आपण..."

"गप बस. आलं माझ्या ध्यानात. तसं आंबट नाही ते." असं ते म्हणाले खरे, पण कसं आंबट असतं हे त्यांना तरी कुठं ठाऊक होतं!

रविवारी दुपारी ऊन असं तापलं होतं की जालना रोडचं डांबर चपलेला चिकटावं. पुंडलिकराव इस्त्रीचा शर्ट घालून ब्रूपबच्या दारात पोचले. त्यांच्या पुढं एक तरुण जोडपं आत शिरत होतं. पुंडलिकरावांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "परमिट आहे का?" जोडपं दचकलं. नवरा पाकीट चाचपायला लागला.

"पप्पा!" सायली धावत आली. तिनं आधी त्या जोडप्याची माफी मागितली. मग बापाकडं बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. या माणसानं आजवर या दारात पाऊल टाकलं नव्हतं. "तुम्ही आलात? खरंच आलात?"

"हो, म्हटलं बघावं काय चाललंय."

तेवढ्यात मागून टोपी नीट करत कडूबा पुढं आला, आणि त्याच्या मागं अत्तर लावलेले गयासभाई.

"हे कोण?"

"मित्र आहेत माझे. चवीचे जाणकार," पुंडलिकराव म्हणाले आणि दुसरीकडं बघायला लागले. पोरीनं जास्त चौकशी केली नाही. ती एवढी खूश होती की त्यांना आत कुठंतरी टोचलं.

हिरवळीवर टेबलं मांडली होती. विश्वजीतचे मित्र होते, दोन डॉक्टर होते, कॉलेजात केमिस्ट्री शिकवणाऱ्या त्याच्या आत्या करुणाताई होत्या. बुटक्या, रुंद तोंडाच्या ग्लासांत बिअर आली. फिकट पिवळी, धुरकट, वर पांढराशुभ्र फेस. सोबत दोन वाट्या, एकीत गुलाबाचं लाल सरबत, दुसरीत वाळ्याचं हिरवं. बर्लिनला लोक हिच्यात असलंच लाल नाहीतर हिरवं सरबत थेंबभर घालून पितात, असं सायलीनं सांगितलं. पण आधी नुसतीच चाखा, म्हणाली. पुंडलिकरावांच्या सांगण्यावरून गयासभाईंपुढं साध्या पाण्यातल्या वाळ्याच्या सरबताचा ग्लास आला. ते संकोचून बसले.

लोकांनी घोट घेतले. कुणी एक डोळा मिटला, कुणी जीभ टाळ्याला लावून बघितली, एका डॉक्टरनं ग्लास उजेडात धरला, लघवीचा नमुना बघावा तसा. मग एक जण म्हणाला, "इंटरेस्टिंग." दुसरा म्हणाला, "वेगळीच आहे." हे शब्द पुंडलिकरावांच्या ओळखीचे होते. नव्या सुनेच्या पहिल्या भाजीला घरोघरी हेच म्हणतात, वेगळीच झालीय. अर्थ सगळ्यांना माहीत असतो. ग्लास टेबलावर टेकले आणि तिथंच राहिले. दुसरा मागायचं तर लांबच, पहिलाच कुणी संपवेना. विश्वजीत सायलीकडं बघत नव्हता. सायली हातातल्या फडक्याला पीळ घालत उभी होती.

पुंडलिकरावांना राहवलं नाही. त्यांनी कडूबाकडं बघितलं आणि इशारा म्हणून ते खाकरले.

अहो, काय करून बसला हा माणूस! जन्मभर ज्या खाकरण्यावर पंचनामा सुरू झाला, त्याच खाकरण्यावर आता कडूबानं वा म्हणावं, ही अपेक्षा? त्यात नेमका त्याच घटकेला कडूबानं ग्लास नाकाशी नेला होता. आंबूस वास नाकात आणि साहेबांचं खाकरणं कानात. बिचाऱ्याला दुसरं काय सुचणार? तो ताडकन उभा राहिला, टोपी सरळ केली आणि खणखणीत आवाजात सुरू झाला.

"आम्ही खाली सही करणारे पंच. राहणार करमाड, धंदा शेती. साहेबांनी बोलावल्यावरून हजर राहिलो. सदर ठिकाणी एक टाकी मिळून आली. टाकीत गढूळ, फिकट पिवळट रंगाचं, फेस आलेलं, उग्र आंबट वासाचं रसायन मिळून आलं. आम्ही पंचांनी वास घेऊन खात्री केली. सदर माल वाहून नेण्यासारखा नसल्यानं जागीच नाश करण्यात आला!"

शेवटचं वाक्य संपायच्या आत गयासभाई उठले होते. धाडीत या वाक्याला ड्रम लवंडायचं काम त्यांचं. डोक्यानं नव्हे, हातांनीच केलं म्हणायचं. टेबलावरचा भरलेला मोठा जग त्यांनी दोन्ही हातांनी उचलला आणि शांतपणे हिरवळीवर पालथा केला. मग हात झटकले, खिशातून पेन काढलं आणि विचारलं, "सही?"

फेस गवतात जिरत होता. मग करुणाताईंना हसू फुटलं. "वर्णन मात्र अगदी शास्त्रशुद्ध केलं हं यांनी! गढूळ, फिकट, फेसाळ, आंबट. सगळं बरोबर आहे," असं म्हणत त्या पदरानं डोळे पुसायला लागल्या. बाकीचेही हसायला लागले. गयासभाईंच्या ध्यानात आलं आणि ते पेन हातात घेऊन तसेच खाली बसले. "या अल्ला," एवढंच त्यांच्या तोंडून आलं.

सायली हसत नव्हती.

"पप्पा," ती जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही पंच आणलेत?"

"अगं, म्हटलं जरा हातभार..."

"वा म्हणायला सांगितलं होतं ना त्यांना? दुसरा ग्लास मागायला?"

पुंडलिकरावांची खोटं बोलायची सगळी ताकद लोणच्यात खर्च झाली होती.

"म्हणजे मी बनवलेली चांगली असेल असं तुम्हाला वाटलंच नाही. एकदा चाखून तरी बघायची. आवडली नाही म्हणाला असतात तरी चाललं असतं मला. सगळ्या जगानं थुंकली असती तरी चाललं असतं." तिचा आवाज चिरकला. "मी तुमची मुलगी आहे. धाडीत सापडले नव्हते मी तुम्हाला."

विश्वजीत मधे पडला. "जाऊ दे सायली. काका, तुम्ही मनावर घेऊ नका. मला वाटतं, काय ते कळलंय सगळ्यांना." आणि त्यानं काचेमागच्या टाकीकडं ज्या नजरेनं बघितलं, त्यावरून टाकीचं काय होणार हे कुणालाही समजलं असतं.

पुंडलिकराव उभे होते. लाज वाटत होती. समोर त्यांच्याच वाट्याचा ग्लास होता, कुणी न शिवलेला. त्यांनी तो उचलला. व्रत, नेम, आयुष्यभराची ऐट, त्या क्षणी यातलं काही त्यांच्या मनात आलं नाही. पोरगी म्हणतेय चाखा, तर चाखलं पाहिजे, एवढंच आलं. त्यांनी डोळे मिटून मोठा घोट घेतला.

आधी जिभेच्या दोन्ही कडांना सणसणीत चिमटा बसला. मान आपोआप हलली. आता नासका, कुजका वास वर येणार, या तयारीनं ते उभे राहिले, तर तो आलाच नाही. आंबटपणा आला तसा सरळ निघून गेला, मागं काही घाण ठेवून गेला नाही. गार, स्वच्छ, ताकावरच्या निवळीसारखं काहीतरी घशातून उतरलं, त्यामागून भिजवलेल्या गव्हाचा बारीक गोडवा आला आणि तोंड पुन्हा कोरडं झालं. मे महिन्याचं ऊन सकाळपासून डोक्यात जाऊन बसलं होतं, ते पहिल्यांदा खाली उतरल्यासारखं वाटलं. त्यांनी दुसरा घोट घेतला. तिसरा घेतला. ग्लास कधी संपला त्यांना कळलं नाही. रिकामा ग्लास पोरीपुढं धरून ते म्हणाले, "अजून आहे का गं?"

"साहेब प्याले!" कडूबा ओरडला. "आरं गयास, साहेब प्याले! दुसरा मागितला!" ग्रहण लागल्याची खबर द्यावी तसा तो आजूबाजूच्या टेबलांना सांगत सुटला, की बाबांनो, या माणसानं जन्मात थेंब घेतला नाही, म्या साक्षीला हाय. मग त्यानं स्वतःचा ग्लास एका दमात रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "लई गार वाटलं राव. मला बी दे पोरी, अन् हे म्या माझ्या मनानं बोलतुया."

करुणाताईंनी त्यांच्या ग्लासात थोडं वाळ्याचं सरबत घातलं, घोट घेतला, आणि ग्लास संपवूनच बोलल्या, "मलाही आण गं." मग तो डॉक्टर. मग ते परमिटवालं जोडपं. आता तिच्यात काय आहे हे माहीत झालं होतं, हसून हसून तोंडं मोकळी झाली होती, आणि ऊन तर होतंच. नवा जग आला. सायली टेबलाटेबलावर पळत होती. विश्वजीत मोजत होता आणि मोजता मोजता त्याचा चेहरा खुलत होता.

पुंडलिकराव दुसरा ग्लास घेऊन खुर्चीत टेकले. झालं! पोरगी राहिली. बंगळुरू गेलं खड्ड्यात. इतका आनंद त्यांना नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

विश्वजीतनं सायलीला हाक मारली. "ठरलं," तो म्हणाला. "ठेवू या हिला मेनूत. फक्त एक करू. आंबटपणा निम्मा करू, साखर वाढवू, नि सरबत टाकीतच मिसळून टाकू. आपल्या गावात गोडच चालतं. नाव काहीतरी सोपं देऊ. चालेल ना?"

सायलीनं आधी बापाकडं बघितलं. तो खुर्चीत बसून लहान पोरासारखा हसत होता. मग ती विश्वजीतकडं वळली.

"चालेल," ती म्हणाली. "चांगलीच आयडिया आहे. काही हरकत नाही."

पुंडलिकरावांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथंच थांबलं. कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. आरोपीच्या बाजूनं पढवून आणलेले साक्षीदार त्यांनी शेकड्यानं ऐकले होते. तो सपाट आवाज, ते आधी कुणाकडं तरी बघून मग बोलणं, ते गरजेपेक्षा एक वाक्य जास्त. त्यांची पोरगी तसं बोलत होती. आणि तिला पढवलं कुणी होतं? एका शब्दानं कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांच्या हसण्यानंच पढवलं होतं.

"खोटं बोलतेय ती," पुंडलिकराव मोठ्यांदा म्हणाले.

"पप्पा, गप्प बसा ना."

"नाही बसणार. विश्वजीतराव, तुमचं चुकलं नाही, धंदा तुमचा आहे. गोड करा, विका, खुशाल करा. पण ती चीज हिची नाही राहणार." त्यांनी ग्लास वर धरला. "निम्मा आंबटपणा काढल्यावर हिच्यात काय उरणार? सरबतच ना? सरबत मी जन्मभर प्यालोय."

विश्वजीत ओशाळं हसला. "काका, म्हणजे मी काय करावं म्हणता?"

"तुम्ही काही नका करू." ते सायलीकडं वळले. आवाज खाली आला. "तू त्यांना फोन कर. बंगळुरूला."

"तुम्हाला तर मी इथं राहायला हवं होतं."

"हवं होतं म्हणजे? अजून हवंय. रोज संध्याकाळी हवी आहेस तू मला. म्हणून तर हा एवढा तमाशा केला. पण माझ्यासाठी तू चालेल चालेल म्हणत बसलीस तर ते मला ऐकवणार नाही, पोरी. जा तू."

सायली तिथंच, सगळ्यांसमोर, बापाच्या इस्त्रीच्या शर्टात तोंड खुपसून रडली. कडूबानं टोपी काढून हातात घेतली. गयासभाईंनी रुमाल पुढं केला.

संध्याकाळी कडूबा त्यांना घरी सोडून गेला. द्वारकाबाईंनी दार उघडलं, नवऱ्याकडं बघितलं, पुढं होऊन वास घेतला.

"प्यालात?"

"हो."

"तुम्ही?"

"हो. दोन ग्लास."

"अन् पोरगी?"

"जातेय बंगळुरूला. मीच सांगितलं."

"आता गं बाई! अहो, तिला थांबवायला गेला होता ना तुम्ही?" द्वारकाबाईंनी कमरेवर हात ठेवले. चांगलं झाडायचं असं त्यांनी ठरवलंही असेल. पण पुंडलिकराव उंबऱ्यापाशीच खाली बसले आणि त्यांचे डोळे भरून आले. मग द्वारकाबाईही शेजारी बसल्या.

"कशी होती?" त्यांनी विचारलं.

"लई चांगली होती, द्वारका," पुंडलिकराव म्हणाले. "एवढी चांगली होती, की पोरीला घरात ठेवून घ्यायला तोंड राहिलं नाही."